आजोबांच्या डोक्यावरची काच

सून माहेरहून येताना दोनच गोष्टी घेऊन आली, एक कपड्यांची बॅग आणि एक सरडा. बॅगेबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती.

सरडा म्हणजे कुंपणावर मान हलवत बसतो तो नव्हे. हा चांगला हातभर लांब, अंगाला वाळूचा रंग आणि हनुवटीखाली काटेरी दाढी. चिडला की ती दाढी फुगवून काळीकुट्ट करायचा. विकणारे त्याला दाढीवाला ड्रॅगन म्हणतात, सून त्याला आजोबा म्हणायची. "नातवंडाचा पत्ता नाही आणि आजोबा आधी हजर," असं म्हणत सासूबाईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी भोपळा किसायला घेतला. माणसाचं असंच असतं.

सासरे काचेचे काम करणारे. गल्लीत सगळे त्यांना काचवालेच म्हणत. चाळीस वर्षं काच कापली, घासली, बसवली. कोणाच्या घरी गेले की यजमानाशी बोलायच्या आधी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून बघायचे. अशा माणसाच्या घरात आजोबांची पेटी आली, ती चार बाजूंनी स्वस्तातली काच आणि वर तारेची जाळी. जाळीवर एका कोपऱ्यात ऊब देणारा दिवा आणि लांबीभर एक पांढरी ट्यूब. ती जाळी काचवाल्यांच्या डोळ्यांत खुपायची. पण सुनेशी त्यांचं बोलणं "जेवलीस का" आणि "येतो" याच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे गप्प बसले.

मग मुलगा आणि सून कामासाठी पाच महिने परगावी निघाले. निघताना सुनेने फ्रिजवर एक कागद चिकटवला. रोज सकाळी कोवळी पानं बारीक चिरून. पालक क्वचित. किडे आठवड्यातून दोनदा, पांढऱ्या पावडरीत घोळवून. दिवे बारा तास. आणि सगळ्यात खाली, ट्यूब पेटत असली तरी सहा महिन्यांनी बदलायची.

"पेटत असली तरी?" काचवाल्यांनी विचारलं.

"हो बाबा, पेटत असली तरी. आत्ताच नवी लावलीय, मी येईपर्यंत चालेल." सून क्षणभर घुटमळली. "आठ वर्षं आहे तो माझ्याकडे. जमेल ना तुम्हाला?"

"न जमायला काय झालं?" ते म्हणाले. ती गेल्यावर बायकोजवळ हसले, चालू दिवा काढून फेकायचा म्हणजे कमालच आहे म्हणाले.

पण ते "जमेल ना" त्यांच्या मनात घर करून बसलं. सुनेसाठी आपल्या हाताने काहीतरी करावं, ती परत येईल तेव्हा तिचे डोळे विस्फारावेत, असं त्यांना वाटायला लागलं. आणि काचवाल्याला येऊन येऊन सुचणार काय? पंधरवड्यात त्यांनी जाळी काढून काचेचं झाकण बसवलं. दुकानातली सगळ्यात निर्मळ काच. ऊब देणाऱ्या दिव्याखाली काच तडकेल हे ओळखून तिथे गोल भोक कापलं, हवेला कडेने फटी ठेवल्या, कडा लोण्यासारख्या घासल्या. वर ट्यूब ठेवली. झाकण आहे की नाही हे बोट लावल्याशिवाय कळेना.

"सुनेला सांगू नकोस हं," ते बायकोला म्हणाले. "आल्यावर स्वतः बघू दे."

आता अशी काच म्हटल्यावर ती स्वच्छ राहायला नको? पावडरीत घोळवलेले रातकिडे पेटीत सोडले की टणाटण उड्या मारत आणि काचेवर पांढरे ठिपके उठत. काचवाल्यांना ते बघवेना. पावडर चिमटीवर आली, मग चिमटीच्या निम्म्यावर. रोज सकाळी फडकं घेऊन ते काच पुसत आणि आजोबा खालून एक डोळा वर करून बघत. दोघांचं बरं जमलं होतं. कधीकधी काचवाले त्याच्याशी बोलतही, सुनेशी बोलत नव्हते त्याहून जास्त.

चौथ्या महिन्यात आजोबा थंडावले. आधी एक किडा नेम चुकून सुटला. मग चालताना पोट जमिनीला घासायला लागलं. व्हिडिओवर सून म्हणाली, "बाबा, सुस्त वाटतोय का हो?" काचवाले म्हणाले, "हवा बदललीय, दुसरं काय." त्यानंतर दोनच दिवसांनी आजोबांची बोटं नुसतीच थरथरताना त्यांना दिसली. उचलून घेतलं तर पाय लोंबकळले.  सुनेनं माहेरहून आणलेला एकुलता एक जीव, आणि तो आपल्या हातात जातोय की काय.

चपलांच्या खोक्यात फडकं घालून ते त्याला घेऊन गेले. प्राण्यांची डॉक्टरीण सुनेच्याच वयाची होती. तिने आजोबांचा खालचा जबडा दोन बोटांत हलकेच दाबला. तो दबला.

"हाडं मऊ पडलीत, काका," ती म्हणाली. "खायला काय देता?"

काचवाल्यांनी कागदावरचं घडाघडा सांगितलं. पावडरीपाशी येऊन अडखळले आणि खरं ते सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "ती कॅल्शियमची पावडर म्हणजे त्याची हाडं. पण नुसत्या तेवढ्यानं इतकं होत नाही. दिव्याचं काय?"

त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. तिने तो मोठा करून बघितला. "दिवा तर चांगला आहे. मधे जाळी आहे का?"

"जाळी काढली. काच बसवलीय."

"कुठे?"

"ही काय, फोटोत आहे की." आणि एवढ्या काळजीतही त्यांच्या आवाजात थोडा तोरा आलाच.

 डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा तसाच एक दिवा लावला आणि कपाटातून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढून दिव्याखाली धरलं. त्यावर तीनच्या वरचा आकडा आला. "या उजेडात एक भाग असतो, अतिनील. आपल्याला दिसत नाही. तो अंगावर पडला तरच हा पोटातल्या पावडरीचं हाड करू शकतो. ट्यूब म्हातारी झाली की पेटते, पण तो भाग संपलेला असतो. आता मला एक काच हवी होती."

काचवाल्यांच्या पिशवीत गिऱ्हाइकाला दाखवायचे तुकडे कायम असत. त्यांनी सगळ्यात निर्मळ तुकडा काढला, सवयीने सदऱ्याला पुसला आणि दिवा आणि यंत्राच्या मधे धरला.

आकडा शून्यावर आला.

उजेड होता तसाच होता. टेबल तसंच लख्ख, आजोबांची सावली तशीच. त्यांनी काच काढली, तीन. धरली, शून्य. "यंत्र बिघडलंय का?" त्यांनी विचारलं. मग पिशवीतला दुसरा तुकडा काढला, तिसरा काढला. शून्य, शून्य. बाहेर दोन माणसं मांजरं घेऊन ताटकळत होती आणि हा साठीचा माणूस पोरासारखा काच मधे घालत होता, काढत होता.

चाळीस वर्षं. किती घरांना, किती शाळांना त्यांनी खिडक्या बसवल्या असतील. दर वेळी शेवटचा हात फिरवून म्हणायचे, घ्या, आता सगळा उजेड तुमचा. आणि त्यातला एक अख्खा उजेड दर वेळी बाहेरच थांबत होता. त्यांना एकदम खूप लहान वाटलं, आणि भीतीही वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत कुठेतरी आनंदही होता. आपण ज्याला आरपार समजत होतो ते आरपार नव्हतंच. मग आणखी काय काय असेल, जे आपल्यासमोरून जातं आणि आपल्याला पत्ता नसतो?

डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या टाळूवरचा एक फिकट ठिपका दाखवला, मसुराच्या निम्माही नसेल. "हा तिसरा डोळा. याने चित्र दिसत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो." काचवाले वाकून बघत राहिले. रोज काच पुसताना हा डोळा खालून त्यांच्याकडेच होता.

औषधाचे थेंब मिळाले. काच आजच काढा, पावडर घाला, आणि जमेल तेवढं खरं ऊन द्या, मात्र शेजारी सावली हवी. वाचेल का, या प्रश्नावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं. काचवाल्यांनी आजोबांना उचलून त्या उन्हात ठेवायला हात पुढे केला आणि तो हवेतच थांबला. खिडकीची काच त्यांनीच बसवलेली होती. ते वळले आणि त्याला घेऊन दुकानामागच्या अंगणात गेले.

तिथे आजोबांना फरशीवर ठेवलं. थोडा वेळ काहीच नाही. मग त्यांचं अंग हळूहळू गडद झालं, बरगड्या पसरल्या, अख्खा देह थाळीसारखा चपटा होऊन उन्हाकडे कलला. डोळे मिटले होते. वरचा तेवढा उघडा. काचवाल्यांनी आपला पालथा हात शेजारी उन्हात धरला. काहीही वेगळं दिसलं नाही. तरी त्यांनी तो काढला नाही.

बायको दारातून म्हणाली, "अहो, तिला कळवायची घाई करू नका. बरा झाल्यावर हळूच सांगू."

"आणि नाही झाला तर?" त्यांनी फोन लावला. काच, पावडर, सगळं एका दमात सांगितलं. "माझ्या हातून झालं," म्हणाले.

 सून म्हणाली, "बाबा, मी रोज व्हिडिओवर बघत होते. मला काच दिसलीच नाही."

काचवाल्याला याहून मोठी शाबासकी कोणी देणार नाही. आणि इतकी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "आत्ता उन्हात आहे का तो?" आणि फोन तसाच चालू ठेवायला सांगितलं. दोघं दोन गावांत बसून अर्धा तास एका सरड्याकडे बघत राहिली.

पुढचे सहा आठवडे अंगणात तेच चाललं. थेंब, पावडर, पानं, ऊन. पेटीला नवी जाळी काचवाल्यांनी स्वतः बांधली. तारेची सवय नसलेली बोटं टोचून टोचून लाल झाली. कागदावर लिहिलेलं एक अक्षर त्यांनी इकडचं तिकडे केलं नाही.

सून आली ती बॅग दारात टाकून थेट अंगणात गेली आणि फरशीवर बसली. आजोबांनी मान उचलली. मग पुढचे पाय रोवले, मग मागचे, आणि पोट जमिनीवरून सुटलं. बोटभरच, पण खालून उजेड दिसत होता. चार पावलं चालून ते मधेच थांबले आणि कोणाकडेच न बघता ऊन खात उभे राहिले. सून रडत होती. काचवाल्यांचेही डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

बऱ्याच वेळाने तिने त्यांच्या बोटांवरच्या तारेच्या खुणांकडे पाहिलं.  उठून बॅगेतून एक लांबट खोकं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. आत नवी ट्यूब होती.

"आधीचीला सहा महिने होत आलेत," ती म्हणाली. "ही तुम्हीच लावा. आणि यापुढे बदलायचं लक्षातही तुम्हीच ठेवा."

काचवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली, काचेवर खुणा करायची, आणि ट्यूबच्या टोकाला त्या दिवसाची तारीख लिहिली. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "पेटत असली तरी."

"पेटत असली तरी, बाबा," सून म्हणाली.