जयवंतच्या खोलीतली मालन

मालन राघोजी मॉरिशसहून मुंबईला आली ती जूनच्या अखेरीस. तिकडच्या सरकारी शाळेत ती मराठी शिकवायची. शिक्षकांनी वर्षभर मुंबईत राहून भाषा पक्की करावी म्हणून शिष्यवृत्ती होती, ती यंदा तिला मिळाली. वर्ग घाटकोपरच्या एका अध्यापक महाविद्यालयात, आणि राहायची सोय मुलुंडला, कर्णिकांकडे.

निघताना ती परदेशी चालली असं कुणी म्हणालं नव्हतं. तिच्या पणजोबांना कोकणातून आगबोटीनं उसाच्या मळ्यांवर नेलं होतं. त्यानंतर घरातलं कुणी इकडे फिरकलं नव्हतं. विमानतळावर सोडायला आलेली आई म्हणाली, "आपल्याच मुलखात चाललीस. तिथं समदी आपल्यासारखीच बोलतात." मालनलाही तसंच वाटत होतं.

मधुकर कर्णिक बँकेतून निवृत्त झालेले, मोजकंच बोलणारे. त्यांच्या पत्नी कुंदाताई. एकुलता एक मुलगा जयवंत अमेरिकेत पीएच.डी. करत होता, त्याचीच खोली मालनला मिळाली.

"कपाटाचा डावा भाग तुझा," कुंदाताईंनी सांगितलं. "उजवीकडे जयूचे कपडे आहेत, ते तेवढे हलवू नकोस."

त्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या होत्या. आठवड्याभरात मालनच्या साड्यांनाही तोच वास येऊ लागला.

पहिल्या रात्री जेवताना कुंदाताईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मालन म्हणाली, "आवस हाय. बापूस वारला माझा."

कुंदाताईंना हसू फुटलं. बातमी वाईट आहे हे ध्यानात येताच त्यांनी ते आवरलं. "वाईट झालं गं. पण बापूस नाही म्हणायचं. वडील म्हणावं. आणि आवस काय, आई."

"आई," मालन म्हणाली.

वर्गातही हेच झालं. बरोबरच्या मुली तिच्याहून लहान, मनानं चांगल्या होत्या. मालन काही बोलली की त्या भोवती गोळा व्हायच्या. "परत बोल ना यार, झकास वाटतं." मग त्यातली एखादी तिच्यासारखं बोलून दाखवायची आणि सगळ्याजणी हसायच्या. मालनही हसायची. जुलै संपेपर्यंत तिचं बोलणं 'हो', 'नाही', 'चालेल' एवढ्यावर आलं. निबंध मात्र ती उत्तम लिहायची. सर तिचा कागद वर धरून दाखवायचे, आणि ती खाली बघत बसायची.

न्हाणीघरात नळ सोडला की ती स्वतःशीच क्रिओलमध्ये, तिकडच्या रोजच्या बोलीत, पुटपुटायची. काही विशेष नसायचं त्यात. पाणी गार आहे, साबण संपत आला आहे, एवढंच. कुणीतरी तिच्या आवाजात बोलतंय हे ऐकायला बरं वाटायचं.

रविवार सर्वांत लांब. दुपारी कर्णिक पतिपत्नी झोपायची, आणि मालन मंडईत हिंडायची. तिथं एक भाजीवाली होती, हुबेहूब तिच्या मावशीसारखी. तसंच नाक, तशीच खांद्याला हिसका देऊन हसायची लकब. मालन तिच्यासमोर उभी राहून बघत राहायची.

"काय पायजे?" भाजीवाली विचारायची.

काहीतरी घ्यायला हवं म्हणून मालन भेंडी घ्यायची. घरी नेऊन ओट्यावर ठेवली की कुंदाताई म्हणायच्या, "परत भेंडी? अगं, तुला इतकी आवडते होय?"

ऑगस्टमध्ये गणपतीचे दिवस जवळ आले. मालनच्या घरी चवथीचा गणपती असे. आजूबाजूच्या दहाबारा घरांतले लोक एकमेकांकडे आरतीला जात, आणि दारावरून कुणी परका चालला असला तरी त्याला आत ओढत. घरी जी माणसं असतील ती सगळी गणपतीला, यात विचारण्यासारखं काही असतं हेच तिला माहीत नव्हतं. तिनं मुलुंडच्या बाजारातून एक हिरवी सुती साडी आणली आणि फॉल लावून घेतला.

चवथीच्या आदल्या दिवशी कुंदाताई पिशवी भरत होत्या. "आम्ही आज अलिबागला निघतोय गं. दिरांकडे गणपती असतो, दीड दिवसाचा. विसर्जन करून येऊ. तू दूध अर्धा लिटरच घे. आणि गॅस आठवणीनं बंद करत जा."

"हो," मालन म्हणाली. कुंदाताई आणखी काही बोलतील म्हणून ती दारात थांबली. त्या पिशवीची चेन ओढत होत्या. ती अडकली होती, मालननं पुढे होऊन ती लावून दिली.

चवथीला तिनं लवकर आंघोळ केली, हिरवी साडी नेसली आणि दिवाणखान्यात येऊन बसली. शेजारच्या बिऱ्हाडातून आरती ऐकू येत होती. दार बंद होतं. दहाच्या सुमारास ती खाली मंडळाच्या गणपतीला गेली. कर्ण्यावर सिनेमाची गाणी लागली होती. तिनं हात जोडले तोच एका कार्यकर्त्यानं तिच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. "चला ताई, पुढे चला."

ती पुढे चालत राहिली. घरी जाण्यासारखं काही नव्हतं. बाजार संपला, इमारती संपल्या, डोंगराच्या पायथ्याच्या चाळी लागल्या. तिथं तिला ढोलकी ऐकू आली, झांज ऐकू आली, आणि एका वेळी पडणारी बरीच पावलं. हे काय आहे ते तिला विचार करायच्या आतच कळलं. ती भराभर चालू लागली.

दोन चाळींच्या मधल्या अंगणात पुरुष गोल धरून नाचत होते. प्रत्येकाच्या एका पायात घुंगरांचे चाळ बांधलेले. मधे बसलेला गाणारा एक ओळ म्हणायचा आणि मागचे झील ओढायचे, म्हणजे शेवटचे शब्द उचलून घोळवायचे. कडेला बायका उभ्या होत्या. मालन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. डोळे भरून आले ते तिनं पुसले नाहीत.

एका बाईनं वळून बघितलं. "कुठली गं तू? कुणाकडं आलीस?"

"मॉरिशसची," मालन म्हणाली. "आमच्यात पन असतो ह्यो नाच. आमी झाकरी म्हनतो." दोन महिन्यांत ती इतकी मोकळी बोलली नव्हती. कुणी हसेल म्हणून ती थांबली.

बाई हसली नाही. "आमी जाखडी म्हनतो. मारिशस कुठं आलं? राजापूरकडं?"

"दर्याच्या पलीकडं."

त्या बाईचं नाव रुक्मिणी. मधे बसून गाणारा गुणाजी तिचा नवरा. गिरणीच्या संपात त्याची नोकरी गेली होती, आता तो एका कारखान्यात रखवालदार होता. नव्या नोकरीत रजा नव्हती, म्हणून यंदा गावी जाणं झालं नाही. इथं नाचणारे सगळे असेच मागे राहिलेले होते.

नाच थांबल्यावर रुक्मिणीनं मालनला पुढे घातलं. "ओ, हीसुदीक जाखडीवाल्यांतली हाय. दर्यापल्याडची. गाणं येतं काय गं?"

मालनला एकच पुरतं येत होतं, आजीचं. ती घसा खाकरून म्हणाली,

"गवर निघाली माहेराला
वाट अडविली दर्यानं..."

तिला वाटलं होतं, इथं सगळ्यांना ते ठाऊक असेल, आणि पुढची ओळ तेच उचलतील. कुणी ओळ उचलली नाही. गुणाजीनं म्हाताऱ्या ढोलकीवाल्याकडे पाहिलं, त्यानं मान हलवली.

"आमच्यात नाय हे गाणं," गुणाजी म्हणाला. "आमच्या गवरीला दर्या लागत नाय कधी. पान्यावरनं येते आमची, विहिरीवरनं."

मालनच्या आता ध्यानात आलं. म्हणजे हे इथून कुणी नेलंच नव्हतं. तिकडे गेल्यावर कुणीतरी रचलं होतं, मळ्यात, परत यायची बोट नसताना. आजीनं हे कधी सांगितलं नाही. कदाचित तिलाही ठाऊक नसेल.

"पन चाल बरी हाय," गुणाजी म्हणाला. "तू म्हन. आमी झील ओढतो."

तिनं परत पहिल्यापासून सुरू केलं. मागून दहावीस आवाजांत आलं, "दर्यानं गं, दर्यानं." पावलं पडू लागली. गाणं संपलं तेव्हा तिचा आवाज बसला होता. रुक्मिणीनं तिच्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाली, "हितंच जेव आता." ती जेवली. अंधार पडायच्या आत गुणाजीचा भाऊ लवू तिला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडून गेला.

घराचं कुलूप काढताना मात्र तिला आत जाववेना. सकाळचे साखरफुटाणे अजून पदराच्या गाठीत तसेच होते. मघाचा सगळा आवाज गेला होता, आणि त्यामुळे शांतता सकाळपेक्षा जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्णिक परतले. कुंदाताईंनी अलिबागचे मोदक डब्यातून काढून तिच्यापुढे ठेवले. "काय केलंस गं काल? कंटाळलीस?"

"नाही," मालन म्हणाली. "आमच्याकडे पण असतो गणपती."

"तुमच्याकडे? तिकडे?"

"हो. सगळ्या घरांत."

कुंदाताईंची नजर दोरीवर वाळत घातलेल्या हिरव्या साडीकडे गेली. साडी नवी होती. त्या खुर्चीवर बसल्या. मग मधुकररावांना म्हणाल्या, "अहो, जयूला फोन लावा ना. ट्रंककॉल बुक करा."

तासाभरानं फोन लागला. तिकडे सकाळ होती. कुंदाताई मोठ्यानं ओरडून बोलत होत्या. "अरे, गणपती झाले... काल! तू काय केलंस काल?... एकटाच?... बरं, बरं, अभ्यास कर." फोन ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"त्याला ठाऊकच नव्हतं काल काय होतं ते," त्या म्हणाल्या. मग मालनकडे न बघता म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं तुला. माझ्या डोक्यातच आलं नाही बघ."

मालननं मोदक मोडून अर्धा त्यांच्या हातात दिला.

पुढे दिवाळीला कुंदाताईंनी तिला तेल लावून न्हाऊ घातलं. अधूनमधून रविवारी ती डोंगराकडच्या चाळीत जायची. वर्गात थोडं बोलायची, मुली थोड्या हसायच्या. पण संध्याकाळी खोलीत आल्यावर जे वाटायचं ते शेवटपर्यंत वाटत राहिलं. ते वाटत असतानाच ती दिवा लावायची, साडी बदलायची आणि स्वयंपाकघरात जाऊन कुंदाताईंना विचारायची, कणीक किती भिजवू?