मोडेपर्यंत वाकणारा

बालवाडीच्या बाईंच्या पायाला त्या दिवशी भिंगरी लागली होती. लष्कराच्या वैद्यकीय बोर्डाच्या कचेरीतला व्हरांडा त्यांनी इतक्या वेळा पालथा घातला, की दारावरचा शिपाईसुद्धा वैतागला. "बसा ना हो बाई, खुर्च्यांना काटे आहेत का?" असं तो दोनदा म्हणाला. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, लोखंडी, भोकाभोकांच्या होत्या. बाई टेकत आणि लगेच उठत.

त्यांचा नवरा मात्र भिंतीशी उभा होता, छाती पुढे आणि हनुवटी वर. गल्लीत त्याला सगळे फौजी म्हणत. निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण गडी अजून परेडच्या मैदानातून घरी आलेला नव्हता.

आज अपिलाचा दिवस होता. फौजीच्या मानेतली एक चकती सरकून नस दाबत होती. आधी उजव्या हाताची बोटं बधिर झाली, मग शर्टाची बटणं लागेनाशी झाली. मग हातातला कप सुटायला लागला, आणि प्रत्येक वेळी फौजी "निसटला" म्हणायचा, जणू दोष कपाचा होता. ऑपरेशन लवकर झालं नाही तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाहेर ऑपरेशन करणं ऐपतीबाहेरचं. सैनिकी रुग्णालयात ते व्हायचं तर ही दुखापत नोकरीत झाली आणि तिने माणूस खरंच अधू झाला, हे आधी बोर्डाला पटायला हवं. पहिल्या खेपेला पटलं नाही.

कसं पटणार? डोंगरातल्या रस्त्यावर याचा ट्रक उलटला. वरच्या साहेबांनी विचारलं, "ठीक आहेस ना?" हा म्हणाला, "ठीक आहे, सर!" आणि दुसरा ट्रक घेऊन पुढे निघाला. दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही, कारण आजारी म्हणून नाव देणारा त्यांच्या तुकडीत कामचुकार ठरायचा. ती बाजू आता सावरली होती. त्या दिवशी ट्रकमध्ये शेजारी बसलेला, त्याला गाडी शिकवणारा जुना उस्ताद स्वतः येऊन बोर्डापुढे साक्ष देऊन गेला होता.

उरली होती तपासणी, आणि खरी गोची तिथेच होती. पहिल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "मान पुढे वाकवा." याने हनुवटी थेट छातीला टेकवली. "मागे न्या." याने छत पाहिलं. डॉक्टरांनी लिहिलं, मानेची हालचाल पूर्ण. दावा फेटाळला गेला.

अपिलासाठी धरलेल्या वकिलांनी हे समजावून सांगितलं तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी, दुखायला लागलं की तिथे थांबायचं असतं," वकील म्हणाले. "कोन तिथेच मोजतात. साधा माणूस आपोआप थांबतो. आपली ही फौजी मंडळी हुकूम आला की शेवटपर्यंत जातात. दर दुसऱ्या दाव्यात मला हेच दिसतं."

मोडेन पण वाकणार नाही म्हणणारे बाईंनी पुष्कळ पाहिले होते. मोडेपर्यंत वाकणारा त्यांच्याच वाट्याला आला होता.

मग बाईंनी घरात शाळा भरवली. तीन-चार वर्षांच्या पोरांना रांगेत उभं करणारी बाई, तिला एक नवरा काय जड! स्वयंपाकघरात त्याला उभं करायचं, स्वतः डॉक्टर व्हायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "वाका!" हा वाकायचा, तळापर्यंत.

"अहो, दुखलं की थांबायचं!"

"हो."

"मग थांबला का नाहीत?"

"तू वाका म्हणालीस."

पुन्हा "वाका", पुन्हा तळ. सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा, जेवणाआधी एकदा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाई चिडायच्या, मग हसायच्या, मग पुन्हा चिडायच्या. एकदा तर त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गातलं शेंबडं पोरसुद्धा तुमच्यापेक्षा लवकर शिकतं." फौजी ओशाळून हसला आणि परत वाकला.

"मानेचं अपील कुणाचं? आत या," व्हरांड्यातला शिपाई ओरडला. "सोबतचं माणूस चालेल, पण तोंड बंद ठेवायचं."

तपासणीची खोली लहान होती. एक उंच पलंग, एक वजनकाटा, भिंतीवर कण्याचं चित्र. डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाची असेल. हातात कोन मोजायच्या दोन जोडपट्ट्या होत्या. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर रुमाल दाबून धरला.

"मान पुढे वाकवा," डॉक्टरीण म्हणाली.

फौजी वाकला. बाई मनात घोकत होत्या, थांबा, थांबा हो. हनुवटी खाली जात राहिली. कानामागून घामाचा ओघळ आला, गळ्याची शीर तट्ट फुगली, आणि हनुवटी छातीला टेकली.

"आता मागे."

बाईंचा जीव कासावीस झाला. पुन्हा तेच होणार, आणि हात जाणार.

"थांबा!" त्या ओरडल्या. वर्गातला आवाज होता तो. फौजी जागच्या जागी गोठला. डॉक्टरीणसुद्धा थांबली.

"बाई, तुम्हाला बाहेर जावं लागेल."

"जाते," बाई म्हणाल्या, पण दारापर्यंतच गेल्या. पुढे पायच उचलेना.

डॉक्टरीण फौजीसमोर येऊन उभी राहिली. "कुठपासून दुखायला लागलं?"

"सांगू, मॅडम?"

"विचारलंय म्हणजे सांगा."

"दुखायचं थांबलंच नव्हतं. सकाळी शर्ट घालताना चालूच होतं. आत्ता उभा आहे, तरी आहे."

"मग वाकलात कशाला?"

"तुम्ही सांगितलंत, मॅडम."

डॉक्टरिणीने पट्ट्या टेबलावर ठेवल्या. मग तिने नीट तपासलं. मूठ वळायला लावली, बोटांवर टाचणीचं टोक टेकवलं, कोपरावर हातोडी मारून पाहिली. मानेच्या मागे हात ठेवला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"इतकं कडक? हल्ली काही जड उचललंत? कशाने वाढलं हे?"

फौजीने दाराकडे पाहिलंही नाही. "काही नाही, मॅडम. असंच."

काय झालं ते बाईंना तिथेच कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी वाढवलं," त्या म्हणाल्या. "घरी सराव घेत होते. रोज. कुठे थांबायचं ते यांना शिकवत होते."

डॉक्टरिणीने दोघांकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि लिहायला बसली. "मी लिहितेय की वेदना हालचाल नसतानाही आहे, त्यामुळे कोन मोजून उपयोग नाही. हाताच्या नसा दबलेल्या आहेत. ऑपरेशन तातडीचं." मग बाईंकडे बघून म्हणाली, "तोवर यांना कुणीही वाकवायचं नाही."

बाहेर पुन्हा वाट पाहणं आलं. बाईंच्या येरझारा आता वाढल्या होत्या. नवऱ्याकडे बघायचा धीर त्यांना होत नव्हता. शेवटी आतल्या दालनातून वकील आले. ते हसत होते.

"मान्य झालं, वहिनी. रुग्णालयाला आजच कळवतायत."

बाई धप्पकन खुर्चीत बसल्या, रडायला लागल्या आणि रडता रडता शेजारच्या खुर्चीवर हात आपटून म्हणाल्या, "बसा हो आता, बसा!"

फौजी लगेच बसला. वकील शिपायाकडे काहीतरी विचारायला गेले. बाईंनी डोळे पुसून नवऱ्याकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, दोन्ही हातांनी गुडघे गच्च धरून, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला बसायचं होतं का?"

फौजी विचारात पडला. हा प्रश्न त्याला सवयीचा नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "बसलं की जास्त दुखतं."

रोज संध्याकाळी बाजारहाट करून तो दारात आला, की बाई त्याच्या हातातली पिशवी घ्यायच्या आणि मायेने म्हणायच्या, दमलात, बसा. आणि तो बसायचा. इतकी वर्षं.

बाई उठल्या. त्यांनी त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं नाही, नुसत्या थांबल्या. बराच वेळ गेला. मग फौजी आपण होऊन उठला.