मधलीचं सूत

मी टकळी बोलतेय. बडबड्या माणसाच्या ‘तोंडाची टकळी चालू आहे’ असं तुम्ही म्हणता, पण मला स्वतःला बोलायला कधी सवड मिळाली नाही. बाभळीची काडी आणि खाली जड चकती, एवढाच माझा देह. बावड्याची एक धनगरीण मेंढरांमागे चालता चालता माझ्यावर लोकर कातायची. तिला मी तिच्या आईने दिलेली.

लेकीच्या लग्नात मला तिच्या हाती द्यायचं, अशी त्या बायकांची रीत. पण रिकामी नाही. आईच्या सुताचे थोडे वेढे माझ्यावर राहायचे आणि लेक त्याच टोकाला आपलं सूत जोडायची.

अशी मी त्या धनगरणीच्या लेकीबरोबर, सारजाबरोबर, लासुर्ण्याला आले. पुढे तिची लेक कौसल्या लग्न होऊन बारामतीला निघाली, तेव्हा सारजाने मला पुढे केलं. कौसल्येने हात मागे घेतला.

“मेंढरांमागं फिरण्यात माझी शाळा गेली. ही न्हाय न्यायची मला.”

मला फार लागलं. पण पोरीचं खोटंही नव्हतं.

१९९४ साली थकलेली सारजा लेकीकडे राहायला आली. तिच्या बोचक्यात मी होते. कौसल्येची मुलगी दिपाली पुण्यात विणकाम शिकली होती, धाग्यांनी चित्रं करायची. आई, आजी, पणजी अशा सगळ्यांचं सूत घालून तिला प्रदर्शनासाठी एक कापड विणायचं होतं. मला बघून ती हरखली आणि आजीच्या सुताला थेट आपली लोकर जोडायला बसली. सारजाने मला हिसकावून घेतलं.

“मधलीला सोडून धागा जोडत न्हाईत, बाळा. आधी तुझी आई कातंल, मग तू.”

“आणि ती नाहीच म्हणाली तर?”

“तर माझ्यासंगं मातीत जाईल ही.”



कौसल्या नाहीच म्हणाली. पण दिपालीही तिचीच लेक, हट्टाला पेटली. दुसरी टकळी आणून रोज आईसमोर ओट्यावर कातायला बसायची. सूत तुटायचं, टकळी फरशीवर आपटायची, ही पुन्हा उचलायची. शेवटी कौसल्येला बघवेना.

“आण हिकडं! लोकर अशी धरत्यात व्हय?”

सारजाने पटकन तिच्या हातात मला दिलं. कौसल्या थबकली.

“राग हाय न्हवं माझ्यावर?” सारजा हळूच म्हणाली. “मग रागातच कात.”

कौसल्या कातायला लागली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि सूत येत होतं जाडंभरडं, गाठीगाठींचं. दिपालीने त्यातली एकही गाठ काढली नाही. मग त्याच टोकाला तिने आपलं सूत जोडलं.

बारामतीच्या प्रदर्शनात ते कापड लागलं. एका बाईंनी मधल्या पट्ट्यावर बोट ठेवलं, “इतकं छान काम, पण इथंच असं ओबडधोबड का?”

दिपाली बोलणार, तोच कौसल्या पुढे झाली. “ती मी हाय,” म्हणाली.

सगळ्यांचं थोडं थोडं सूत अजून माझ्या अंगावर आहे. आता मला काचेच्या पेटीत ठेवा, असं कोणीकोणी सुचवतात. कृपा करून ठेवू नका. अजून जागा आहे माझ्यावर.