नख रुतले नाही

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, बंदुकीच्या गोळ्या ओतण्याचा. सांडशीला असतात तसे दोन दांडे आणि तोंडाशी लोखंडाचे दोन ठोकळे. ठोकळे मिटले की आत वाटाण्याएवढी पोकळी उरते. एवढाच माझा देह. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. पण आज सांगितली नाही तर उशीर होईल, असे वाटते.

अमेरिकेत, टेनेसीच्या डोंगरातल्या एका लोहाराने मला आणि एका ठासणीच्या बंदुकीला एकदमच घडवले. तेव्हा रीतच तशी होती, ज्या त्या बंदुकीचा साचा वेगळा. माझी गोळी तिच्याच नळीत नीट बसायची. तुम्ही तिला माझी बहीण म्हणा.

पिढ्या सरल्या आणि आम्ही एल्झी हेन्सलीच्या हाती आलो. एल्झी शिशाच्या बाबतीत फार सोवळा. जुन्या टेलिफोनच्या तारांवरचे वेष्टण, पडक्या चर्चच्या छपराचा पत्रा, असले मऊ शिसेच तो घ्यायचा. छापखान्याचे खिळे कुणी प्रेमाने आणून दिले तरी परत करायचा. त्यांत कथील आणि अँटिमनी असते, त्याने धातू कडक होतो. मऊ शिसे निवताना आकसते, कडक धातू तेवढा आकसत नाही. म्हणून माझ्याच पोटातून निघालेली कडक गोळी केसभर जाड भरते. डोळ्यांना ते दिसत नाही. तेलकट चिंधीत गुंडाळून ती नळीत ठासू लागले की कळते. ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. अंगठ्याचे नख दाबायचे. मऊ शिशात ते रुतते, कडक धातूवरून घसरते.

दर शरद ऋतूत तिथे नेमबाजीची शर्यत असे. बक्षीस म्हणजे एक बैल. पहिल्या चौघांना मांसाचे चार वाटे, पाचव्याला कातडे आणि चरबी. सहाव्याला मिळे निशाणामागच्या ओंडक्यात घुसलेले सगळ्यांचे शिसे. माझ्या गोळ्यांनी एल्झीला पुष्कळदा मांस मिळवून दिले. लोक बंदुकीची वाहवा करत. मला कोण विचारणार? पण एल्झी घरी आल्यावर मला तेलाचा हात लावायचा, तेवढ्यावर मी खूश होतो.

मग त्याची नजर मंदावली आणि एका वर्षी त्याच्या वाट्याला ओंडका आला. त्याचा जावई रॉस मांसाचा वाटा खांद्यावर टाकून हसत म्हणाला, "घ्या सासरेबुवा! बैल आम्ही खातो, तुम्ही शिसं चघळा."

"चघळतो की. दात नसलेल्याला मऊच बरं," एल्झी म्हणाला. सगळे हसले.

घरी त्याने ओंडका फोडून चेपलेल्या गोळ्या वेचल्या. त्याची बायको डेल्फिया दारात उभी होती. "अरे म्हाताऱ्या, नख लावून पाहिलंस का? गावभराच्या गोळ्या आहेत त्यात."

"आपल्या माणसांच्या शिशाला नख लावू?"

"शिशाला कुठे राग येतो?"

"माणसांना येतो," तो म्हणाला. आणि आपला शेवटचा मऊ गोळाही त्याने त्याच कढईत टाकला.

तो धातू माझ्यात शिरला तेव्हाच मला परका वाटला. गोळ्या फार चकाकत होत्या. फळीवर पडताना त्या धप्प न वाजता टणटण वाजत होत्या. पण एल्झीचे कानही तोवर मंदावले होते.

पुढच्या शर्यतीत पहिल्या गोळ्या कशाबशा गेल्या. दारूची काजळी साचत गेली आणि एक गोळी नळीत अर्ध्यावर अडली. एल्झीने गोळी ठासायच्या गजावर हातोडी मारली. गोळी तळाशी दारूला टेकली की नाही, हे सांगणारी गजावरची खाच त्याला दिसली नाही. मध्ये पोकळी राहिली तर नळीच फुटते. लोक वाट पाहत होते. त्याने चाप ओढला.

नळी उभी फाटली. दस्त्याचा तुकडा उडून त्याचा गाल चिरला. गालाची जखम भरून आली. माझी बहीण मात्र पुन्हा बोलली नाही. तिला मारणारी गोळी माझ्याच पोटची होती.

रॉस विचारपूस करायला आला. एल्झीने हळूच विचारले, "तुझ्या गोळ्या कशाच्या रे?"

"मोटारीच्या चाकांना लावतात ना, त्या वजनांच्या. गॅरेजात फुकट मिळतात. माझी नळी सैल आहे, चालतात. का हो?"

"सहज विचारलं." त्या वजनांतही अँटिमनी असते, हे एल्झीला ठाऊक होते.

"पण एवढी वर्षं बंदूक भरताय, आणि चुकलं कसं?"

"डोळे गेले माझे," एल्झी म्हणाला. लेकीच्या संसारात त्याला वाद नको होता. डेल्फियाने त्याच्याकडे पाहिले आणि ती आत गेली.

उरलेल्या धातूची त्याने एक कांब ओतली. शिशात मिसळलेले वेगळे काढता येत नाही. नदीत टाकावी तर पाणी विषारी होईल. "छिन्नीने खूण करून ठेवतो," असे तो म्हणे. आधी डेल्फिया गेली, मग तो. खूण राहून गेली.

रॉसने मोठ्या हौसेने माझ्या बहिणीला जुन्याच मापाची नवी नळी बसवून घेतली. उद्याच्या शर्यतीत त्याची मुलगी मार्ली ती बंदूक चालवणार आहे. आज गोठ्याच्या कोपऱ्यात त्याला ती कांब सापडली. "सासरेबुवांचं मऊ शिसं!" म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

मार्लीने कांबेवर अंगठा दाबला. "बाबा, नख रुतत नाही यात."

"आजोबांच्या शिशाला नख लावतेस? अख्ख्या डोंगरात त्यांच्याएवढं शिसं कुणाला कळत नव्हतं."

"पण तेच सांगायचे ना, नख लावून बघ म्हणून."

"परक्यांच्या शिशाला गं. आपल्या नाही."

तिने हात मागे घेतला.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या शिशालाही नख लावून पाहत जा. रागावला तर रागावू द्या. आणि मिसळलेल्या धातूवर त्याच दिवशी खूण करा. मायेपोटी झाकलेली गोष्ट मायेच्याच माणसांवर उलटते. याहून मोठे शहाणपण माझ्यापाशी नाही.

कांब आता कढईत वितळते आहे. मला विस्तवाकडेला तापत ठेवले आहे. मला तोंड आहे, पण ते नुसते उघडते आणि मिटते.