गोळ्यांचं विष आणि तलावाचं पाणी

नेत्रमहाराजांनी थेंब टाकला आणि म्हातारीचे लालभडक डोळे बघता बघता पांढरेशुभ्र झाले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"उतरलं! गोळ्यांचं विष उतरलं!" महाराज गरजले. "संधिवाताच्या गोळ्या डोळ्यांच्या शिरा जाळतात. गोळ्या फेका, डोळे राखा!"

पहिल्या रांगेतली घड्याळं दुरुस्त करणारी बाई दातओठ खात ऐकत होती. तिलाही संधिवात होता. मागच्या महिन्यात तीही याच टाळ्यांना भुलली होती. वर्षानुवर्षं या गोळ्या घेतल्या की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत बदल होऊ शकतात, म्हणून दरवर्षी तपासणी, हे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंच होतं. महाराजांनी त्या खऱ्यात भीती कालवली. तिने गोळ्या बंद केल्या. बोटं सुजून टम्म झाली, चिमट्यात स्क्रू धरवेना, दुकानाला कुलूप लागलं.

शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी यंत्रावर डोळे तपासले. "पडदा शाबूत आहे. गोळ्या कुणाला विचारून सोडल्या? आणि तो थेंब म्हणजे लाली घालवणारं साधं औषध असणार. वरवरच्या शिरा आकसतात, डोळा पांढरा दिसतो. असर ओसरला की लाली परत. मागच्या पडद्याला त्याने काहीच होत नाही."

म्हणूनच आज ती दिराला घेऊन आली होती. तो पोहायला शिकवायचा. डोळे कायम तांबारलेले.

"महाराज, आमच्या भाऊजींचं बघा."

महाराजांनी पापणी उलटली. "अरेरे! दहा वर्षांच्या गोळ्यांचं विष!" थेंब पडला. डोळे पांढरे झाले. टाळ्या!

"भाऊजी, कुठल्या गोळ्या घेता हो?" तिने मोठ्याने विचारलं.

"मी? डोकं दुखलं तरी घेत नाही. तलावाच्या क्लोरीनच्या पाण्याने होतात डोळे लाल."

टाळ्या विरल्या. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"विष... पाण्यातूनही येतं!" महाराज चाचरले.

"मग लोकांना पाणी सोडायला सांगा की! आणि या थेंबांच्या बाटलीवरचं नाव का खरवडलंत?" तिने बाटली उचलून सगळ्यांना दाखवली. महाराज झोळी आवरू लागले.

म्हातारीने तिचा पदर धरला. "पोरी, मग मी गोळ्या चालू करू का गं?"

"मला नका विचारू, आजी. महाराजांनाही नका. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला." मग ती सभागृहाकडे वळली. "तुम्हीही चला. गोळी ठेवायची की सोडायची, ते डोळा तपासून ठरवायचं. टाळ्या ऐकून नाही!"