होडीतल्या नवरीचा धवला

होडी बुडण्याचा आवाज काही केल्या जमत नव्हता. सकाळपासून तेच चाललं होतं. एकदा वाटे कुणी ढेकर दिली, एकदा वाटे कुकरची शिट्टी पडली. चहा केला, प्यायलेच नाही. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. खाली नव्या टॉवरसाठी खड्डा खणत होते आणि त्या पोकलेनचा आवाज मात्र फुकटात झकास येत होता. मेल्याला बरोबर जमतं.

मी व्हिडिओ गेमसाठी आवाज करते. गाणी, उड्या, स्फोट, सगळं. हे कुणाला सांगितलं की बायका विचारतात, "म्हणजे ऑर्केस्ट्रात गातेस?" डोंबल! म्हणून सांगणंच सोडून दिलं. खारघरला गुरुदत्त नावाचा एक येडा भाड्याच्या खोलीत बसून जुन्या धर्तीचा गेम बनवतोय. लहानपणी टीव्हीला जोडून, कॅसेटमध्ये फुंकर मारून खेळायचो ना, तसा. ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं. त्यात एक नवरी होडीत बसून खाडी ओलांडते. खेळणाऱ्याने होडी उडवत खेकडे चुकवायचे, जाळी चुकवायची, शेवटी कंटेनरची बार्ज चुकवायची. जुन्या मशीनला एका वेळी चारच आवाज काढता यायचे, म्हणून आपणही चारच वापरायचे, हा गुरुदत्तचा हट्ट. दोन पिपाणीसारखे चिरके, एक खालून घुमणारा आणि एक नुसता खरखराट. "चारात भागव, त्यातच मजा आहे," म्हणतो. मजा! याच्या बापाचं काय जातं?

गेम उद्या बंगळूरच्या एका प्रदर्शनाला पाठवायचा होता. दोन वर्षं आम्ही त्याच्या मागे होतो. चार पायऱ्यांचं संगीत झालं होतं. शेवटच्या पायरीसाठी मी आठवड्यापूर्वी एक चाल पाठवली, अशीच, हात चालेल तशी वाजवलेली. गुरुदत्तने ती ऐकून मला सलग फोन केले. "कीर्ती, हेच! हे कुठून आणलंस? याला हात लावू नकोस."

कुठून आणलं ते त्याला सांगितलं नाही. माझ्या आत्याकडून आणलं होतं, तिला न विचारता.

आत्या म्हणजे सोनाबाई. माझ्या बाबांची थोरली बहीण. आतोबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. ती धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण लागते. ती धवला गाऊन देवांना मांडवात बोलावते, बायका मागून तीच ओळ उचलतात, आणि शेवटी देवांना मानाने वाटेला लावते. अख्ख्या उरण-पनवेलमध्ये आत्याला मान होता. आमच्या घराण्यात तर एक खास धवला होता, आजीकडून आलेला. तो फक्त आमच्या घरातल्या मुलीच्या लग्नात म्हणायचा, एरवी नाही. घरात या पिढीत मुलगी एकच, मी.

माझ्या लग्नात, जासईजवळच्या आमच्या गावी, आत्या तो म्हणत होती. मी पाटावर बसलेले, डोक्यावर बाशिंग. निम्म्यात असेल-नसेल, तोच नवऱ्याकडचा डीजे आला. पोरांनी विचारलं नाही की सवरलं नाही, दणकन सुरू! भिंतीएवढे स्पीकर. आत्याचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मागच्या बायका हसल्या आणि नाचायला उठल्या. आत्या पदर खोचून मांडवाबाहेर गेली.

वर्षाच्या आत मी घरी परत आले. कारण साधं होतं. तो माणूस एक नंबरचा संशयी. माझा लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवायचा आणि चावी खिशात. पण आत्याला कोण समजावणार? देव बोलावले, पोचवले नाहीत, मांडवातच ताटकळले, म्हणून पोरीचा संसार मोडला. हे तिने मनात पक्कं केलं, आणि त्या दिवसापासून कुणाच्याच लग्नात उभी राहिली नाही. लोक गाडी घेऊन दारात आले तरी नाही.

तर त्या रविवारी बुडण्याचा आवाज जमवता जमवता मी वैतागून हेडफोन ओढून काढला. वायर लॅपटॉपमधून निघाली आणि चाल सगळ्या घरात घुमली. आत्या स्वयंपाकघरात कोलीम, ती बारीक कोळंबी, निवडत होती. मी होडी चालवून बघत होते. खेकड्यावर आपटली, बुडाली, चाल कचकन तुटली. परत सुरू केलं. परत बुडाली, परत तुटली. तिसऱ्या वेळी मी नीट खेळले, तेव्हा चाल पूर्ण वाजून पुन्हा पहिल्यापासून लागली.

मागे बघते तर आत्या दारात. हात कोलीमाचे, चेहरा पांढराफटक.

"तितंच तोडलास," ती म्हणाली. "परत तितंच!"

"आत्या, तोडलं नाही गो. तो लूप हाय. संपलं का पहिल्यापासून लागतं."

"संपला? तितं संपतो धवला?"

खरंच की. चाल जिथून मागे फिरत होती ती जागा मला पाठ होती, कारण मी तेवढंच ऐकलेलं. पुढे डीजे लागला होता. हा धवला म्हणजे एवढाच, असं माझ्या कानांनी धरून टाकलेलं, आणि तो मी तिथेच गोल फिरवत ठेवला होता. आठवडाभर.

पण स्वभावाला औषध नाही. चूक समजली की मी आणखी तावातावाने भांडते.

"मग काय करू? तूच कधी शिकवलास नाय मला! उद्या द्यायचंय. गेममधली नवरी हाय ती, ठोकळ्यांची. तिच्या देवांचं कोण बघतंय?"

"काढ त्यो त्यातून. नायतर माज्याशी बोलू नको."

ती आत गेली. भांड्यांचा आवाजसुद्धा आला नाही. आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं.

मी गुरुदत्तला फोन लावला. "शेवटची चाल काढ. दुसरी देते."

"वेड लागलंय का तुला? त्या चालीसाठी तर लोक शेवटपर्यंत खेळतील!"

"काढ म्हटलं ना."

"दुसरी आहे?"

नव्हती. करायला बसले तर बोटं पुन्हा पुन्हा तिथेच जात. तिथल्या तिथे चपला घातल्या आणि आमच्या पनवेलच्या वडाळे तलावाला चक्कर मारली. तिथे कुणाच्या तरी हळदीचा मांडव, आणि स्पीकर, आणि तीच धडधड. मला दगड मारावासा वाटला. अर्धी चक्कर टाकून परत फिरले. वाटेत ठरवलं, चाल काढायची नाही आणि ठेवायचीही नाही. ती पुरी करायची. करायची तर आत्याला विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ती तर बोलत नव्हती. अडला हरी, धर आत्याचे पाय.

आत्या गॅलरीत पाठ करून बसली होती. मी खाली बसले.

"आत्या, पुढचा मला येत नाय. म्हनून तितं फिरवला. मुद्दाम नाय केला."

तिने पाय जवळ ओढून घेतले.

"होडी बुडली तरी गानं तुटनार नाय असं करते. सगळं वाजून होईपर्यंत खेळ परत सुरूच होनार नाय. पन शेवट सांग. तुज्या पाया पडते."

"लग्नाबगर म्हनत नाय त्यो."

"मग राहू दे," मी म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. गेमसाठी नाही. एवढ्या वर्षांत घरात कुणी मला एकदा सरळ विचारलं नव्हतं, तुला काय झालं होतं तिकडे. सगळे देवांचं बोलत होते. मी तेच बोलून टाकलं, जोरात, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. "माझं वाटोळं तुझ्या धवल्याने नाय झालं गो! तो माणूसच तसा होता. तू तीन वर्षं तोंड शिवून बसलीस, त्याने मला काय मिळालं? तुझा आवाज पण गेला घरातून!"

आत्या उठली, हात धुतले, आणि देव्हाऱ्याखालचा पाट काढून हॉलमध्ये मांडला.

"बस."

"आता? लग्न मोडलं ना माझं, कागदावर पण मोडलं."

"धवला नवऱ्याचा नसतो गं. पोरीचा असतो. बस म्हनते तर."

मी बसले. जीन्सवर, केस पिंजारलेले. तिने माझ्या कपाळाला हळद लावली, डोक्यावर स्वतःचा पदर धरला, आणि मग थबकली.

"मागून कोन म्हननार? नवरी आपला धवला आपन उचलत नसते." तिने टेबलाकडे बघितलं. "तुज्या डब्यात बायका हायत ना त्या, मगाशी म्हनत व्हत्या? त्या लाव."

चारांतल्या दुसऱ्या चिरक्या आवाजाला मी बायकांची ओळ दिली होती. पाटावरून हात लांबवून मी तेवढाच चालू ठेवला. आत्या जिथे तुटलं होतं तिथून म्हणू लागली. पहिल्यांदा आवाज घोगरा, खरवडल्यासारखा, मग मोकळा झाला. प्रत्येक ओळीमागे माझी पिपाणी इमानेइतबारे तिला येणारी तेवढीच ओळ धरत होती. देव एकेक करून निघाले, खाडीचा, शेताचा, मिठागराचा. शेवटी तिने नवरीचं नाव घेतलं, ‘कीर्ती’ म्हणाली, आणि थांबली. मी बसल्या जागी ढसाढसा रडत होते. तीही.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. "घेतलास ना त्यात?"

"काय?"

"धवला गं! भरलास ना डब्यात?"

"नाय. तू माझ्यासाठी म्हनत होतीस ना."

"अगो बाय!" आत्याने कपाळाला हात लावला. "मग ती होडीतली पोर काय अर्धवट ऱ्हानार? बिचारी सारखी बुडते. तिला कोन हाय?" तिने पदर सारखा केला आणि स्टुलावर लॅपटॉपसमोर ताठ बसली. "नाव काय तिचं?"

गुरुदत्तने तिला नावच दिलं नव्हतं. मी फोन करून विचारलं, आणि चाल पुरी करून देते, ती संपेपर्यंत खेळ परत सुरू करायचा नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "नाव कशाला? आणि ऐक, बुडल्यावर इतका वेळ थांबायला लागलं तर लोक कंटाळतील."

"थांबू देत," मी म्हणाले, आणि आत्याला सांगितलं, "तूच ठेव."