ताईचा ब्रेकचा पाय

माझी ताई घाटातून बस चालवते आणि मी साधी गाडीसुद्धा धड चालवत नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी ताईचा पाय मुरगळल्यावर तिला थेरपीला नेण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण मेव्हण्यांची पाळी सकाळची असते. बसमधून उतरताना कुणीतरी हाक मारली, ही वळून बघायला गेली आणि उजवं पाऊल फुटपाथच्या कडेवर वाकडं पडलं. घोटा असा सुजला की चप्पल चढेना.

उजवा पाय म्हणजे ब्रेकचा. डेपोने स्पष्ट सांगितलं, महिनाअखेरच्या चाचणीत पायात पुरता जोर दिसला तर घाटाचा मार्ग तुमच्याकडेच राहील, नाहीतर दुसऱ्याला. तो मार्ग मिळवायला ताईने कित्येक वर्षं शहरातल्या गर्दीत क्लच दाबत काढली होती.

थेरपिस्टबाई काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, मी फक्त दाखवणार. पाय तुमचा, मेहनत तुमची."

मला वाटलं, झालं, आता ही चार दिवसांत कंटाळणार. पण कंटाळेल ती माझी बहीण कसली! पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढायची होती. सुरुवातीची अक्षरं सुरळीत जायची. क्ष आणि ज्ञ आले की ती दातओठ खायची, पण गाळायची नाही. बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा, रबरी पट्टा पंजात अडकवून ताणायचा, दात घासताना एका पायावर उभं राहायचं. मेव्हणे म्हणाले, "आमच्या बेसिनपाशी रोज बगळा उभा असतो." बगळ्याने तोंडातल्या फेसासकट त्यांना काय सुनावलं, ते त्यांनाही कळलं नाही.

एवढं करून सूज काही हटेना. सकाळी घोटा बरा दिसायचा आणि थेरपीच्या खोलीत पोचेपर्यंत पुन्हा टम्म. थेरपिस्टबाई पाय उलटसुलट करून बघायच्या. "ताई, घरी उड्याबिड्या मारता का?"

"नाही हो! तुम्ही सांगता तेवढंच करते."

तिचा चेहरा बघवेना. महिना सरत आला होता.

मग एकदा थेरपिस्टबाईंची गाडी बिघडली. मी म्हटलं, चला, चौकापर्यंत सोडतो. त्या मागे बसल्या, ताई नेहमीसारखी माझ्या शेजारी. पहिल्याच वळणावर मागून आवाज आला, "थांबवा गाडी!"

मी घाबरून थांबवली. बाई पुढे वाकून ताईच्या पायाकडे बघत होत्या. तो पाय गाडीच्या जमिनीत रुतल्यासारखा दाबलेला होता, घोट्यावरच्या शिरा ताठ.

"अहो ताई, ब्रेक तुमच्या बाजूला नाहीये!"

ताई ओशाळली. "मला कळलंच नाही. पण हा वळणावर वेग कमी करतच नाही हो! मी काय करू?"

म्हणजे रोज येता-जाता ही बया माझ्या प्रत्येक चुकीला ब्रेक मारत होती. दुखऱ्या पायाने. बाई हसून हसून लाल झाल्या. माझं पित्त खवळलं, पण बोलायला तोंड कुठे होतं? त्या दिवसापासून ताईला मागच्या सीटवर पाय पसरून बसायचा हुकूम झाला. पायाला आराम मिळाला. तोंडाचा पट्टा मात्र सुरू. "लाल दिवा आहे! अरे, म्हातारी रस्ता ओलांडतेय!" सूज उतरली, हे कबूल करायलाच हवं.

चाचणीला मी डेपोच्या कठड्यापाशी उभा होतो. रिकामी बस, शेजारी तपासनीस. ताईने बस चढावर नेली, मागे घेतली, उतारावरून आणली आणि जागच्या जागी थांबवली. माझा ऊर भरून आला. तपासनीस खाली उतरले आणि म्हणाले, "छान. उद्यापासून घाटावर या."

ताई स्टिअरिंग धरून तशीच बसून होती. "साहेब, शेवटच्या ब्रेकला कळ आली. पाय कचरला, पुरता दाबला गेला नाही."

"मला तर काही जाणवलं नाही. बस थांबली की."

"रिकामी होती म्हणून थांबली. भरलेली नसती थांबली."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, मार्ग दुसऱ्याला द्यावा लागेल. माझ्या हातात काही नाही."

"द्या. पाय बरा झाला की मी पुन्हा अर्ज करेन."

गाडीत बसेपर्यंत मी कसाबसा दम धरला. "गप्प बसायला काय झालं होतं तुला? कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं ना," ती म्हणाली आणि रडायला लागली. हुंदके देत, नाक पुसत, लहानपणी रडायची तशी. थोड्या वेळाने तिने पाय उचलून सीटवर ठेवला. "चल, थेरपीला घे. आज उशीर झालाय, त्या निघून जातील."

मी गाडी वळवली. त्या घाटातून तिच्या बसने मी कितीदा गेलोय. दरीच्या कडेने, वळणावळणावर, आणि दरवेळी गाढ झोपून. मला वाटायचं, मला कुठेही झोप लागते.